एकवीस हजार सहाशे श्वास



छांदोग्य आणि बृहदारण्यक या दोन्ही उपनिषदांत एक कथा थोड्याफार फरकाने आली आहे. शरीरातील सर्व शक्तींमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद एकदा उत्पन्न झाला. वाणी म्हणाली मी थोर, डोळा म्हणाला मी थोर. कान आणि मन यांनीही आपापला हक्क सांगितला. अखेर सर्वजण प्रजापतीकडे गेले. प्रजापतीने कोणाचीच बाजू घेतली नाही. ज्याच्या जाण्याने शरीराची अवस्था सर्वांत दीन होईल तो श्रेष्ठ, एवढीच कसोटी त्याने घालून दिली. मग वाणी वर्षभर बाहेर राहून आली; शरीर मुक्याप्रमाणे जगले. डोळा गेला, तेव्हा ते आंधळ्याप्रमाणे जगले. कान गेला, तेव्हा बहिऱ्याप्रमाणे आणि मन गेले, तेव्हा अजाण बालकाप्रमाणे त्याने दिवस काढले. शेवटी प्राण निघू लागला. तो निघतो न निघतो तोच, जातिवंत घोड्याने पाय बांधलेले खुंटे उपटून न्यावेत, त्याप्रमाणे बाकीच्या सर्व शक्ती मुळांसकट उपटल्या जाऊ लागल्या. तेव्हा सर्वांनी हात जोडले आणि प्राणाचे श्रेष्ठत्व मान्य केले.

ही कथा आपण कीर्तनांतून ऐकतो, मान डोलावतो आणि घरी जातो. परंतु ज्या प्राणाला देवांनीही नमस्कार केला, त्याची ये-जा ज्या वाटेने होते, ती वाट आपल्या देहात कशी रचली आहे, हे पाहण्याचे श्रम आपण क्वचितच घेतो. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. पूजाअर्चेच्या घरात वाढलेला आणि शाळेपुरते शिक्षण झालेला तो एक तरुण आहे. शरीरशास्त्राच्या पुस्तकांतून जे निश्चितपणे कळते आणि आपल्या शास्त्रांत जे सांगितले आहे, त्यांचा मेळ घालून चार शब्द आपणांपुढे ठेवावेत, एवढाच हेतू आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. शास्त्रांतील प्राण आणि हवेतील प्राणवायू, ज्यास ऑक्सिजन म्हणतात, हे दोन्ही एकच नव्हेत. प्राण, अपान, व्यान, उदान व समान ही पाच नावे ऋषींनी जीवनशक्तीच्या पाच व्यापारांना दिली. प्राणवायू हे हवेतील एका घटकाचे मराठी नाव आहे. या दोहोंची गल्लत केली, तर शास्त्राचाही मान राहत नाही आणि विज्ञानाचाही. मात्र प्राणाची सेवा करावयाची, तर श्वासाच्या वाटेचे रक्षण केलेच पाहिजे, याविषयी दोघांचे दुमत नाही.

योगग्रंथांत अजपाजप सांगितला आहे. श्वास आत येताना आणि बाहेर जाताना जीव नकळत हंसमंत्राचा जप करीत असतो, आणि अहोरात्रात असे २१,६०० जप होतात, अशी गणना त्यांत आहे. ही संख्या कोणी मनास येईल तशी घातलेली नाही. एका अहोरात्रात १,४४० मिनिटे असतात. २१,६०० ला १,४४० ने भागिले, तर मिनिटास १५ श्वास येतात. आजचे डॉक्टरही स्वस्थ बसलेल्या निरोगी प्रौढाचे श्वास मिनिटास १२ ते २० असल्याचे सांगतात. घड्याळ नसलेल्या काळी, केवळ स्वतःकडे लक्ष देऊन बसलेल्या माणसांनी केलेले हे निरीक्षण आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आदर वाटतो.

आता हिशेब थोडा पुढे नेऊ. शांत बसलेला प्रौढ मनुष्य एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. २१,६०० श्वासांची हवा १०,८०० लिटर झाली. १५ लिटरची घागर धरली, तर अशा ७२० घागरी होतात. एखाद्या घरी पाहुण्यांसाठी दहा घागरी पाणी भरावयाचे झाले, तर आपण ते वस्त्राने गाळून घेतो. ७२० घागरी हवा मात्र आपण कोठली, कशी आणि कोणत्या धुळीची घेतो, याचा विचार करीत नाही.

ही हवा कोणत्या मार्गाने जाते ते पाहू. पहिला द्वारपाल नाक. त्यातील केस मोठा कचरा अडवितात. आतील ओलसर अस्तर हवेला उबदार व दमट करते आणि धूळ चिकटवून ठेवते. आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, तेव्हा नाकपुड्या पिवळ्या होतात आणि शिंका येतात, याचा अनुभव आपणांपैकी पुष्कळांनी घेतला असेल. ती शिंक म्हणजे अपशकुन नव्हे. द्वारपालाने आपले काम केले, एवढाच तिचा अर्थ. तोंडाने श्वास घेणाऱ्यास या द्वारपालाचा लाभ मिळत नाही.

नाकाच्या पाठीमागे घसा लागतो. येथे एक चौक आहे. अन्नाची वाट आणि श्वासाची वाट या ठिकाणी एकमेकींस छेदतात. घास गिळताना एक लहानसे झाकण स्वरयंत्राच्या तोंडावर येते आणि श्वास क्षणभर थांबतो, म्हणून अन्न अन्ननलिकेत उतरते. बोलताना मात्र हीच वाट उघडी ठेवावी लागते. घास तोंडात असता हसले अथवा बोलले, म्हणजे कण चुकीच्या वाटेस लागतो आणि ठसका येतो. आपल्याकडे भोजनाच्या आरंभी पाच प्राणांना आहुती देण्याची आणि मौनाने जेवण्याची चाल आहे. तिचा हेतू धार्मिक असला, तरी या चौकाची राखण तिच्यामुळे आपोआप होते. लहान मुलांना घास भरविताना हसविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

स्वरयंत्राखाली सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीची श्वासनलिका आहे. ती मिटू नये म्हणून तिच्यावर कूर्चेच्या १६ ते २० अर्धकड्या बसविल्या आहेत. पाठीमागच्या बाजूस, जेथे अन्ननलिका तिला टेकते, तेथे त्या उघड्या असतात. पुढे तिच्या दोन शाखा होतात. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड आहेत. डाव्या बाजूस हृदयाला जागा द्यावयाची असल्यामुळे तेथे दोनच खंड आहेत. शाखांना उपशाखा फुटत फुटत सुमारे २३ वेळा विभागणी होते आणि अखेरीस सूक्ष्म वायुकोश लागतात. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत ते सामान्यतः ३० कोटींहून अधिक असतात. ते सर्व उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. एवढा मंडप परमेश्वराने आपल्या छातीच्या पिंजऱ्यात घडी करून ठेविला आहे.

प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांमधील पडदा मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका पातळ असतो. रक्तातील तांबडी पेशी येथून जेमतेम पाऊण सेकंदात पुढे जाते. तेवढ्या अवधीत तिच्यातील हिमोग्लोबिन प्राणवायू उचलते, आणि रक्तातून आलेला कर्बवायू बाहेर टाकला जातो. आत जाणाऱ्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. बाहेर येणाऱ्या हवेत तो सुमारे १६ उरतो आणि कर्बवायू शेकडा ४ च्या आसपास होतो. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात अपानात प्राणाचे व प्राणात अपानाचे हवन करणारे साधक वर्णिले आहेत. वायुकोशातील ही देवघेव वाचताना त्या यज्ञाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

फुप्फुसांना हवा ओढून घेण्यासाठी स्वतःचे स्नायू नाहीत, हे ऐकून काहींना नवल वाटेल. हे काम लोहाराच्या भात्याप्रमाणे चालते. छाती आणि पोट यांच्या मधोमध घुमटाकार श्वासपटल आहे. ते आकुंचन पावून खाली जाते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतील जागा वाढते, आतील दाब घटतो आणि हवा आपोआप आत शिरते. श्वासपटल सैल पडले, की फुप्फुसे रबराप्रमाणे आपल्या मूळ आकारावर येतात आणि हवा बाहेर पडते. याच श्वासपटलाला अवचित झटका आला, म्हणजे उचकी लागते. कोणी आठवण काढली म्हणून ती लागते, ही समजूत गोड आहे. तिच्या आड कोणी येऊ नये!

हा भाता चालविणारे केंद्र मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू जेथे सुरू होतो तेथे आहे. रक्तात कर्बवायू वाढला, की ते श्वासाला चालना देते. आपण झोपलो, बेसावध असलो, देवाला विसरलो, तरी ते काम सोडीत नाही. परंतु येथेच एक विलक्षण गोष्ट आहे. हृदयाला आपण थांब म्हणून थांबवू शकत नाही, जठराला आज्ञा करू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि काही मर्यादेपर्यंत आपल्या इच्छेनेही चालतो. योग्यांनी हे हेरले, आणि याच दाराने आत शिरून मनाला स्थिर करण्याची विद्या उभारली. तिचेच नाव प्राणायाम.

प्राणायामाची परीक्षा आधुनिक उपकरणांनी करून पाहावी, हा विचार प्रथम करणाऱ्यांमध्ये आपल्या महाराष्ट्रातील स्वामी कुवलयानंद यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, निधन १९६६. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरणांच्या साहाय्याने योगक्रियांची तपासणी त्यांनी आरंभिली. हेच ते वर्ष, की ज्याच्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली आपल्या बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. श्रद्धा आहे म्हणून तपासणी नको, असे स्वामीजींनी म्हटले नाही. हा धडा आपणही घेण्याजोगा आहे.

संथ आणि खोल श्वासाचा लाभ तर साध्या गणितानेही कळतो. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि नळ्या यांतच राहते. वायुकोशांपर्यंत ती पोहोचत नाही. ५०० मिलिलिटरचे १५ श्वास घेतले, तर मिनिटाला साडेसात लिटर हवा आत येते आणि त्यापैकी सव्वापाच लिटर कामी लागते. धापा टाकीत २५० मिलिलिटरचे ३० श्वास घेतले, तरी आत येणारी हवा तेवढीच. परंतु कामी लागते केवळ ३ लिटर. श्रम दुप्पट आणि प्राप्ती थोडी, असा हा व्यवहार होय. मात्र प्राणायामाने रक्तातील प्राणवायू कितीतरी पटींनी वाढतो, असे जे सांगितले जाते, ते खरे मानू नये. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूने मुळातच शेकडा ९५ च्या वर भरलेले असते. प्राणायामाचे फळ मनाची शांती आणि श्वासावरील ताबा हे आहे, आणि ते फळ काही लहान नव्हे.

येथवर जे सांगितले, ते कोणत्याही गावच्या मंडळींना लागू आहे. आता आपल्या गावांविषयी बोलले पाहिजे.

निपाणीचे नाव विडीच्या तंबाखूमुळे देशभर गेले. आपल्या भागातील कितीतरी घरांच्या चुली या पिकावर पेटल्या, मुलांची शिक्षणे झाली, देवळांचे कळस चढले. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीच्या महामार्गावर बसले. गोळीबारात माणसे मेली. ती हकीकत घरोघर ठाऊक आहे. परंतु त्याच तंबाखूच्या वखारींत पाला कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, निवडणाऱ्या भगिनींच्या छातीत काय गेले, याची चर्चा घरोघर झाली नाही. त्या स्त्रियांनी आपली संघटना उभारली आणि त्यांच्या लढ्यावर १९८२ साली युगांतर नावाच्या गटाने एक चित्रपटही काढला. आपल्याच गावची ही कथा बाहेरच्यांनी पडद्यावर आणली.

तंबाखूचा खकाणा म्हणजे काय, हे वखारीच्या दारावरून गेलेल्यासही ठाऊक आहे. डोळे झोंबतात, घसा खवखवतो, शिंका आवरत नाहीत. जाड धूळ नाकात अडते. त्याहून बारीक धूळ नळ्यांच्या ओलसर अस्तरास चिकटते, आणि तेथील सूक्ष्म रोमांचा झाडू ती कफासह वर ढकलतो. परंतु अतिसूक्ष्म कण थेट वायुकोशांपर्यंत उतरतात, आणि तेथे हा झाडू नाही. तेथे धूळ गिळणाऱ्या काही पेशी आहेत; पण वर्षानुवर्षे दिवसाचे आठ-दहा तास भार पडू लागला, म्हणजे त्या तरी किती पुऱ्या पडणार? काकडआरतीला येऊन पुढे कामावर जाणाऱ्या माउल्या आपण पाहतो. आरतीच्या मध्येच खोकल्याची उबळ आली, की त्या संकोचाने पदर तोंडाशी धरून सभामंडपाबाहेर जातात. पायऱ्या चढताना दोनदा थांबतात. विचारले, तर 'वयच झालं' असे म्हणतात. हे सगळे वयाचे देणे नसते.

या भगिनींना दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. पोटासाठी केलेल्या कष्टात पाप नाही. प्रश्न आहे तो ज्यांच्या हाती वखारीच्या खिडक्या आहेत, त्यांचा. १९६६ साली विडी-सिगार कामगारांसाठी केंद्राने जो कायदा केला, त्यातही कामाच्या जागी हवा खेळती ठेवण्याची आणि धूळ निवारण्याची जबाबदारी मालकावरच टाकली होती. परंतु कायद्याच्या आधीही एक धर्म आहे. देवापुढे सोन्याचा मुकुट ठेवणाऱ्याने आपल्या छपराखाली दिवसभर श्वास घेणाऱ्यांची चिंता वाहिली, तर तो मुकुट अधिक शोभेल. हवा बाहेर खेचणारा पंखा, धूळ गाळणारे चांगले मुखपट्टे आणि चाळणीच्या यंत्राला झाकण, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. साध्या पदराने जाड धूळ अडते. सूक्ष्म धूळ त्यातून पार होते, हेही ध्यानात ठेवावे.

विडी ओढणाऱ्यांस वेगळे सांगावयास हवे. विडी साधी व देशी म्हणून सौम्य, अशी समजूत आपल्याकडे आहे. ती खरी नाही. विडीच्या धुरात सिगारेटपेक्षा निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड अधिक आढळतात. हा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. म्हणजे ज्या आसनावर प्राणवायूने बसावयाचे, तेथे दुसराच ठाण मांडून बसतो. शिवाय धुराने रोमांचा झाडू लुळा पडतो. म्हणून पहाटेचा तो दीर्घ खोकला. आणि ओढणाऱ्याचा धूर त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. शेजारी बसलेल्या नातवाच्या ७२० घागरींत तो मिसळतो.

आपल्या देवघराकडे आणि स्वयंपाकघराकडेही पाहिले पाहिजे. धूप, उदबत्ती, कापूर आणि तेलाचे दिवे यांचा धूर कितीही सुगंधी असला, तरी फुप्फुसांच्या दृष्टीने तो धूरच होय. गाभाऱ्यास खिडकी नसते. पुजारी तेथे रोज कित्येक तास उभा असतो, आणि गर्दीच्या दिवशी दम्याचे रोगी व लहान मुले तेथेच दाटीने उभी राहतात. पूजा बंद करावी, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जुड्यांच्या जुड्या पेटविण्याऐवजी भक्तीने एक उदबत्ती लावली, आणि आरती होताच दारे उघडली, तर देव रुष्ट होणार नाही. घरी चूल असेल, तर धुराडे करावे. गॅस असूनही पाहुण्यांसाठी आणि पाणी तापविण्यासाठी लाकडे पेटवितात, तेथे बाळंतीण व तान्हे मूल जवळ नसावे.

शेवटचा मुद्दा क्षयाचा. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. तो खोकल्यावाटे हवेतून पसरतो. पूर्वकर्माने, शापाने अथवा नजर लागल्याने होत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. साध्या क्षयाचे औषध सामान्यतः सहा महिने, एकही दिवस न चुकविता घ्यावे लागते. मग रोग बरा होतो. परंतु आपल्याकडे लग्नाची मुलगी आहे, चार लोक काय म्हणतील, या भीतीने खोकला लपविला जातो. लपविलेला खोकला घरातील सर्वांच्या श्वासात जातो. ज्या घरी हा आजार आला, त्या घराशी रोटीव्यवहार तोडणे हा अधर्म होय. औषध सुरू राहील, यासाठी शेजाऱ्यांनी धीर देणे, हीच खरी सेवा.

म्हणून सभासद कुटुंबांस काही विनंत्या आहेत. देवळाच्या ओवरीत आणि आवारात कोणी विडी ओढू नये, व पुरुष मंडळींनी हा नियम वडीलधाऱ्यांपासून सुरू करावा. सार्वजनिक जागी धूम्रपानास २००८ सालापासून देशभर बंदी आहेच. देवाच्या दारी तरी ती पोलिसाविना पाळली जावी. ज्यांच्या वखारी आहेत, त्यांनी येत्या सणापूर्वी एकदा स्वतः चाळणीपाशी तासभर उभे राहून पाहावे आणि मग काय करावयाचे ते ठरवावे. खोकणाऱ्या माउलीला 'सोबत येते, चला दवाखान्यात', असे म्हणणारी एक तरी शेजारीण प्रत्येक गल्लीत निघावी. आणि सायंकाळी दिवेलागणीला सर्वांनी पाच मिनिटे पाठ ताठ ठेवून, नाकाने, संथपणे श्वास घ्यावा व सोडावा. हृदयविकार, दमा अथवा रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरण्याचा हट्ट करू नये. जाणत्याच्या सल्ल्यावाचून कुंभक नको.

उपनिषदातील त्या कथेत प्राणाने श्रेष्ठत्व मिळाल्यावर आपले अन्न कोणते, असे विचारले. त्याला उत्तर मिळाले, की प्राणिमात्र जे जे खातात, ते सर्व तुझेच अन्न. तसाच आपला श्वासही एकट्याचा नाही. देवळात दाटीने उभे असताना मी सोडलेली हवा आपण घेता आणि आपण सोडलेली मी घेतो. त्यात जात, भाषा अथवा सीमा यांची चौकशी होत नाही. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याचा आणि मराठी बोलणाऱ्या आपला श्वास एकाच हवेतून चालतो. ती हवा स्वच्छ ठेवणे हे सर्वांनी मिळून करावयाचे व्रत आहे.

आपणां सर्वांचा अजपाजप निर्विघ्न चालो, हीच श्रीचरणी प्रार्थना.